पॉइंट टू-टू आणि आमच्या वाडीतलं डुक्कर

आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे: बंदूक घ्यायची तर कुठल्या कॅलिबरची? पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या उतारावर आमची वाडी आहे. तिथे आप्पांच्या (माझे मोठे चुलते) नावावर पीक संरक्षणाचा परवाना आहे आणि त्या परवान्यावर एक ठासणीची बंदूक. आप्पांनी सत्तरी ओलांडली, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला की वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो. म्हणून आता दादा, म्हणजे आप्पांचा थोरला, अर्ज करणार आहे. अर्ज करायचाच तर ती जुनी नळी कशाला, एखादी छानशी रिमफायर रायफल का नको, असं त्याचं म्हणणं. मोबाईलवर त्याने अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे ढीगभर व्हिडिओ पाहिलेत. त्यात ससे आणि खारी पटापट पडताना दिसतात. मग मला मेसेज आला: "टू-टू बरी की सतरा? तू इंजिनीअर आहेस, नीट बघून सांग."

आता, मी जावा लिहितो. पण आमच्याकडे इंजिनीअर म्हणजे सगळ्या यंत्रांचा डॉक्टर. भातगिरणीच्या मोटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळं विचारलं जातं, मग बंदुकीने काय घोडं मारलंय? शिवाय न बोललेलं दुसरं कारण असं की पैसे मी देणार आहे. त्यामुळे गेले तीन वीकेंड मी हेच वाचत बसलोय, आणि माझं मत बनलंय. ते दादाला आवडणार नाही, आणि काही प्राणिप्रेमी मित्रांनाही आवडणार नाही.

आधी तांत्रिक भाग, कारण तो मजेदार आहे. काडतुसाच्या बुडाला एक पातळ कड असते. रिमफायरमध्ये ठिणगी पाडणारा मसाला या कडेच्या आत पसरलेला असतो. चाप ओढला की पिन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो, त्याने दारू पेटते आणि गोळी सुटते. मोठ्या रायफलींमध्ये असं नसतं, तिथे बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. रिमफायरची गंमत अशी की कड चेपली जायला हवी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, आणि पातळ पितळ फार दाब सोसत नाही. म्हणजे ताकदीवरची मर्यादा मूळ डिझाइनमध्येच आहे, नुसती दारू वाढवून ती ओलांडता येत नाही. बदल्यात काय मिळतं? स्वस्त काडतूस, कमी आवाज आणि खांद्याला जवळजवळ न जाणवणारा धक्का. प्रत्येक चांगल्या डिझाइनसारखं, एक सोडून दुसरं घेतलेलं.

यातलं सगळ्यात लोकप्रिय म्हणजे .२२ लाँग रायफल, आपल्या बोलण्यातलं टू-टू. १८८७ सालचं काडतूस आणि अजून जगभर चालतं. (१८८७ सालचं दुसरं कुठलं डिझाइन आपण जवळपास न बदलता वापरतो, विचार करून बघा.) गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. साध्या काडतुसात वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आगेमागे. अकरावीतलं अर्धा एम व्ही वर्ग लावलं की ऊर्जा येते साधारण १४० जूल. १९५९ साली आलेल्या .२२ मॅग्नममध्ये तशाच गोळीला ५७० मीटरपर्यंत पळवतात, ऊर्जा चारशेच्या थोडी वर. आणि दादाची "सतरा" म्हणजे .१७ एचएमआर, २००२ सालची. गोळी जेमतेम १.१ ग्रॅम, पण वेग ७७५ मीटरच्या आसपास, ऊर्जा सुमारे ३३० जूल.

सशासाठी यातलं कुठलं, हा प्रश्न खरं तर सोपा आहे. पन्नास मीटरच्या आत टू-टू, त्यापुढे सतरा. टू-टूची गोळी पन्नास मीटरला बसवलेली असेल तर शंभराला ती वीतभर खाली जाते, म्हणजे अंतराचा अंदाज जरा चुकला की नेम गेला. सतराची गोळी जवळजवळ सरळ जाते, पण ती इतकी हलकी आणि वेगवान की लागल्यावर फुटते आणि जनावर छोटं असेल तर मटणाची वाट लावते. खाण्यासाठी मारणारा म्हातारा शिकारी म्हणून टू-टूच धरून बसतो, जवळ जातो आणि डोक्यावर नेम धरतो. हा माणूस मला पटतो. केंटकीत किंवा टेनेसीत कुणी मला विचारलं असतं तर मी डोळे झाकून टू-टू म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

पण दादा पोलादपुरात राहतो. तिथे टू-टूने तो मारणार काय?

ससा? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ससा त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. रानकोंबडा, भेकर, साळिंदर, घोरपड, सगळे कुठल्या ना कुठल्या परिशिष्टात आहेत. आणि कायद्यातली "शिकार" म्हणजे नुसतं गोळी घालणं नाही. पकडणं, जखमी करणं, फास लावणं, आमिष दाखवणं, हाकून आणणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, सगळं शिकारच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिमग्याच्या दिवसांत पारधीला जायची पद्धत कोकणात होती, आजोबांच्या पिढीने ती केली, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. तेव्हाचं रान वेगळं होतं, हेही खरं. आज मात्र "छोटी शिकार" नावाची गोष्ट आपल्याकडे कायद्याने शिल्लकच नाही. ज्या कामासाठी टू-टू जन्माला आली, तेच काम इथे गुन्हा आहे.

इथे एक जरा बाजूची गोष्ट सांगतो, कारण हे वाचणारे बरेचसे माझ्यासारखेच, आठवडाभर क्युबिकलमध्ये आणि शनिवारी ताम्हिणी, वरंध नाहीतर आंबेनळी घाटात. गाडीच्या डिकीत छर्ऱ्याची बंदूक घेऊन फिरणारे दोन-तीन लोक मला माहीत आहेत. ".१७७ पर्यंत आणि वीस जूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही रे" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते बरोबरच आहे. बंदुकीला परवाना लागत नाही. पण त्या बंदुकीने होला किंवा तितर पाडायला परवाना लागत नाही असं कुणी सांगितलं? एक कायदा शस्त्राचा, एक कायदा प्राण्याचा. पहिल्यातून सुटलात म्हणजे दुसऱ्यातून सुटलात असं नाही. रिकाम्या बाटल्या फोडायच्या तर आपल्या अंगणात फोडा, आणि काचा उचला.

असो. दादाकडे वळू. तो लबाड नाही. सशाचे व्हिडिओ त्याने पाहिले खरे, पण त्याच्या डोक्यात ससा नाही, डुक्कर आहे.

ज्यांना कोकणातली शेती फक्त एसटीच्या खिडकीतून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. महाडच्या सखल भागात, सावित्री आणि गांधारीच्या काठाने, सलग खाचरं आहेत. पोलादपूरकडे वर सरकलं की ती तुकड्यातुकड्यांची होत जातात, आणि उतारावर वरकस जमीन, जिथे नाचणी आणि वरी व्हायची. घरटी एक-दोन माणसं मुंबईला. (माझ्या बाबतीत पुण्याला.) वरकस ओसाड पडलं, त्यावर झुडपं माजली, आणि डुकरांना दिवसा लपायला घराशेजारी जागा मिळाली. पूर्वी ती रानातून यायची, आता आमच्याच पडीक शेतातून येतात. सप्टेंबरअखेर भात निसवतं, दाणा भरतो आणि रात्री कळप उतरतो. खातात त्याच्या कितीतरी पट तुडवतात. अर्ध्या एकराचं खाचर एका रात्रीत असं दिसतं की जणू कुणी बैल सोडून गोल गोल फिरवले. मग राखण सुरू. माच बांधायचा, पत्र्याचे डबे वाजवायचे, रात्रभर ओरडायचं आणि सकाळी पुन्हा कामाला जायचं. आप्पांनी हे आयुष्यभर केलं. दादा चाळिशीत आहे आणि तो म्हणतो, मला झोपायचंय. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता पुन्हा कोष्टक काढा. मोठा नर डुक्कर शंभर किलोच्या आसपास भरतो. खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढालच असते, दुसऱ्या नराचे सुळे झेलण्यासाठी. त्यावर १४० जूलची अडीच ग्रॅमची गोळी, रात्री, बॅटरीच्या उजेडात, हलत्या जनावरावर. डुक्कर पडणार नाही. गोळी पोटात घेऊन ते झुडपात शिरेल आणि चार-सहा दिवसांनी सडून मरेल, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडं आणायला गेलेल्या एखाद्या काकूसमोर उभं राहील. मॅग्नम किंवा सतरा घेतली तरी चित्र फारसं बदलत नाही. सतराची गोळी तर कातडीखालीच फुटेल. रिमफायर डुकरासाठी नाही, यावर जगभरच्या शिकाऱ्यांचं एकमत आहे, आणि एरवी त्यांचं कशावरच एकमत होत नाही.

दुसरी गोष्ट, आमच्या भूगोलाची. टू-टूच्या काडतुसांच्या खोक्यावर इशारा छापलेला असतो की गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. पोलादपुरात दीड मैल सरळ रेषेत काय काय येतं बघा: खाली दुसरी वाडी, पलीकडच्या उतारावर तिसरी, मधे शाळा, रस्ता, कुणाच्या तरी गोठ्याचा दिवा. माचावरून खाली मारली तर ठीक, गोळी मातीत जाते. उताराच्या दिशेने वर मारली तर ती कुठे उतरेल हे देवाला माहीत. आप्पांच्या बंदुकीचे छर्रे काही शे मीटरच्या आत दमतात. हा तिचा गुण आहे, दोष नाही, आणि दादाने तो कधी हिशोबात धरलेला नाही.

मग ठासणीचीच बरी? तेही नाही. दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे टाकायचे, पुन्हा ठासायचं, टोपी बसवायची. एक बार गेला की दुसऱ्याची सोय होईपर्यंत डुक्कर पलीकडच्या वाडीत. ऐन भाताच्या दिवसांत हवा इतकी दमट की बार लागेलच याची खात्री नाही. दारू जास्त झाली तर नळी फुटण्याची भीती. आणि छर्रे लांबून लागले तर परिणाम टू-टूपेक्षा वेगळा नाही: जखमी जनावर झुडपात. आप्पा स्वतः सांगतात की त्यांनी ती बंदूक मुख्यतः आवाजासाठी वापरली. म्हणजे सरकारने परवाना देऊन त्यांच्या हाती दिला तो एक महागडा फटाका.

हे असं का, हे शोधताना मला या सगळ्या वाचनातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट सापडली. आपल्याकडे कॅलिबर शिकाऱ्याने कधी निवडलंच नाही, ते कायम सरकारने निवडलं, आणि सरकारच्या डोळ्यांसमोर जनावर नव्हतंच, माणूस होता. १८५७ झालं, १८७८ चा शस्त्र कायदा आला, बंदूक परवान्याखाली गेली. मग इंग्रजांच्या फौजेचं काडतूस .३०३ असल्यामुळे ते रयतेच्या रायफलीत चालता कामा नये, म्हणून हिंदुस्थानात शिकारीच्या रायफली .३१५ मध्ये आल्या. ते काडतूस मूळचं ऑस्ट्रियाचं, आठ मिलिमीटरचं. स्वातंत्र्यानंतरही इशापूरच्या कारखान्यात .३१५ बनत राहिली. लष्कराचं ते नागरिकाला नाही, हा नियम आपण तसाच पुढे चालवला.

१९५९ चा आपला शस्त्र कायदा काढून त्याचं तेरावं कलम वाचा. वाचायला दहा मिनिटं लागतील. परवाना कुणाला द्यायचाच, याची यादी तिथे आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच नळीची बंदूक. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि .२२ रायफल किंवा एअर रायफल, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला, निशाणेबाजीच्या सरावासाठी. म्हणजे दादाच्या प्रश्नाचं उत्तर पासष्टहून जास्त वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवलंय: शेतकऱ्याला ठासणीची, टू-टू क्लबवाल्याला. बाकीच्या बंदुकीसाठी चांगलं कारण दाखवा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहा, म्हणजे आमच्यासाठी अलिबागच्या चकरा. सतरा वगैरे तर सोडाच. परदेशी बंदूक आयात करण्याची सवलत नामांकित नेमबाजांना असते, पोलादपूरच्या भातवाल्याला नाही.

टू-टूबद्दल माझ्या मनात काहीच राग नाही, हे इथे सांगायला हवं. क्लबवाल्या टू-टूने महाराष्ट्राला जे दिलंय ते थोडं नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं, नेमबाजीत असं करणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ आणलं. दोघांच्या हातात हेच १८८७ सालचं काडतूस. खेड्यातला पोरगा, रेल्वेतली नोकरी आणि ही रायफल. महाडला उद्या एखादी धड रेंज झाली तर मी दादाच्या मुलाची फी आनंदाने भरेन. कागदावरच्या निशाण्यासाठी याहून चांगलं कॅलिबर नाही.

पण शेतकऱ्याच्या वाट्याला आलेली ठासणीची, ती का? कारण तिने मिनिटाला एकच बार निघतो. बंडाची भीती वाटणाऱ्या सरकारला यापेक्षा सुरक्षित बंदूक कुठली मिळणार? डुक्कर मरतं की जखमी होऊन पळतं, हा विचार यात कुठेच नव्हता. प्रॉडक्शनमधला जुना कोड असतो ना, कुणी लिहिला, कशासाठी लिहिला हे विसरलेला, पण हात लावायची कुणाची हिंमत नाही, तसं हे कलम आहे. त्यातही निवडणूक आली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. मग ती निवडणूक ऐन भाताच्या हंगामात आली तरी.

मित्र म्हणतात, मग मारताच कशाला, कायद्याने बंदी आहे ना? पूर्ण बंदी नाही, इथेच खरी मेख आहे. १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमात, उभ्या पिकाला धोका असेल तर दुसऱ्या परिशिष्टातल्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी देता येते. डुक्कर त्याच परिशिष्टात आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने डुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत हे अधिकार खाली वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणले. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता, त्याचं मटण खायचं नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण परवानगीचा कागद मिळाल्यावर मारायचं कशाने? एका खात्याने सांगायचं "मार", आणि दुसऱ्या खात्याने हातात द्यायची ती ठासणीची. या दोन कायद्यांची एकमेकांशी कधी गाठच पडलेली नाही.

आणि या फटीतून जे येतं ते बंदुकीपेक्षा वाईट आहे. क्लच वायरचे फास. गावठी बॉम्ब, जो डुक्कर चावतं आणि जबडा उडतो, आणि कधी गाय किंवा कुत्रं चावतं. थेट लाईनवरून आकडा टाकून शेताभोवती सोडलेली तार, जिच्यावर पहाटे शेताचा मालकच मरतो. फासाला माहीत नसतं समोर कोण आहे ते. कोकणात डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटे अडकून मेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. आणि रात्रीच्या टोळक्याच्या शिकारीचं काय होतं, ते २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात दिसलं. डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने डुक्कर समजून आपल्याच माणसावर गोळी झाडली आणि तो मेला. माझ्या प्राणिप्रेमी मित्रांना माझं हेच सांगणं आहे: तुम्ही बंदुकीला नाही म्हणता तेव्हा डुक्कर वाचत नाही, फक्त त्याचं मरण बदलतं.

दादाला मी जे सांगितलं ते थोडक्यात असं. टू-टू नाही, सतरा नाही. परवाना आप्पांकडून आपल्या नावावर करून घे, कारण एकदा गेलेला परवाना परत मिळवणं म्हणजे दुसरा जन्म. पण माझे पैसे बंदुकीत नाही, कुंपणात जातील. सौर कुंपणातला झटका जोरदार असतो पण क्षणाच्या अगदी छोट्या तुकड्यापुरता, त्याने जनावर किंवा माणूस मरत नाही, घाबरतं. त्याचे त्रासही मी वाचलेत. आमचे तुकडे विखुरलेले, एकट्याच्या खाचराला घातलं तर डुक्कर शेजाऱ्याकडे जाणार, म्हणून सहा-सात घरांनी मिळून घालायला हवं, आणि त्या सहा-सात घरांपैकी दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत. पावसाळ्यात वेल तारेवर चढला की करंट जमिनीत जातो, म्हणजे आठवड्याला कुणीतरी कोयता घेऊन फिरलं पाहिजे. खालची तार जमिनीपासून वीतभरापेक्षा वर गेली की डुक्कर मुसंडी मारून आत. दादाचं म्हणणं असं की कुंपण आज आहे उद्या चोरीला जाईल, बंदूक घरात राहते. सोलर पॅनेल चोरीला जातात हे खरंच आहे. त्यावर अजून आमचं चालू आहे.

पण कुंपण सगळीकडे पुरणार नाही, काही डुकरं मारावीच लागतील, हे मी मान्य करतो. मग ती नीट मारा. केरळने मे २०२२ मध्ये पीक खाणाऱ्या रानडुकरांना मारण्याची परवानगी द्यायचे अधिकार ग्रामपंचायत आणि नगरपालिका प्रमुखांकडे दिले. मारायचं ते परवानाधारक बंदूकवाल्याने, आणि विष, स्फोटकं, वीज हे मार्ग चालणार नाहीत असंही त्यात ठरवलं. ते सगळं सुरळीत चाललंय असा माझा दावा नाही. पण परवानगी, माणूस आणि साधन यांचा एकत्र विचार तरी त्यात दिसतो. आपल्याकडे वनखात्याने तालुक्याला चार-पाच नेमबाजांची यादी करायला काय हरकत आहे? निवृत्त फौजी महाड-पोलादपुरात वाडीवाडीत आहेत, त्यांना बंदूक शिकवावी लागणार नाही. त्यांच्या हातात बारा बोअर द्या, एक सबंध गोळी असलेल्या काडतुसाची. जिथे मागे मातीचा बांध आहे तिथे .३१५ द्या. तिची गोळी १६ ग्रॅमच्या जवळ जाणारी, टू-टूच्या सहापट वजनाची, आणि ऊर्जा जवळपास वीसपट. डुक्कर जागेवर पडेल. बार माचावरूनच झाडायचा, खाली, उजेड असताना, सोबत वनरक्षक. पडलेलं डुक्कर पंचनामा करून तिथेच पुरायचं. पिल्लांच्या मागे असलेली मादी मारायची की नाही, हे शेतकऱ्याच्या रागावर सोडायचं नाही, ते आधी लिहून ठेवायचं.

आणि परवानगीचा अर्ज जुलै-ऑगस्टमध्येच घ्यायला हवा, गेल्या वर्षीच्या पंचनाम्यावरून. कोणत्या वाडीत डुक्कर उतरतं हे वनरक्षकाला, तलाठ्याला, आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नुकसान झाल्यावर अर्ज, मग पाहणी, मग शेरा, मग सही, अशा क्रमाने गेलं तर परवानगी दिवाळीच्या सुमाराला येते. तोवर भात कापून झालेलं असतं, जे काही उरलं असेल ते.